रणगाड्याला कुंकू

अहो अहो अहो... हात लावू नका! ओलं आहे!

नाही, बसा, बसा तुम्ही, रागावू नका, पण हे असंच होतं बघा, समोर वस्तू ठेवली की आपल्याकडे माणसाचा हात आधी पोचतो आणि डोळे मागून चालत येतात. पाहायचं म्हणजे चिमटीत धरून पाहायचं. बाजारात वांगं पाहतात तसा रणगाडा पाहतात लोक! दाबून! आता मला सांगा, वीतभर प्लास्टिकचा रणगाडा, त्यावर मी केसाएवढ्या फवाऱ्यानं रंगाचे थर दिलेले, आणि तुम्ही तो दाबून पाहणार? काय कळणार आहे दाबून? कोवळा आहे की जून?

तर मी दुधराम. गोरेगावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचे पंप. धानावर कोणता रोग आला आणि त्यावर काय मारायचं ते मी अर्ध्या तालुक्याला सांगतो, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मागच्या खोलीत जाऊन रणगाडे रंगवतो. हसा. सगळेच हसतात. पन्नाशी उलटलेला माणूस, डोळ्यांवर दोन दोन चष्मे चढवून खेळणी रंगवतो... पण खेळणं नव्हे हो ते! प्रतिकृती आहे! खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाची! आणि रंगवायची म्हणजे डबा उघडून हिरवा रंग फासायचा असं नव्हे, दाराला फासतात तसा. त्यात उतरत्या छटा असतात.

आता उतरती छटा म्हणजे काय? तुम्हाला सांगतो. खरा रणगाडा केवढा असतो, त्याच्यावर ऊन पडतं, माथा चमकतो, पोट अंधारात जातं. आपण रणगाडा लहान करतो, पण ऊन काही लहान होत नाही. खोलीत ट्यूबलाइटखाली ठेवला की सगळीकडून सारखाच हिरवा, कपड्याच्या साबणाच्या वडीसारखा! म्हणून ते ऊन आपण रंगातच कालवायचं. आधी सगळा काळपट करून घ्यायचा. मग गडद हिरवा. मग त्यात थोडा पिवळा, थोडा पांढरा मिसळत मिसळत, प्रत्येक पत्र्याची वरची कड फिकट आणि खाली येता येता गडद, खाली येता येता गडद, असं फवारत जायचं. खाली गडद, वर फिकट. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते देवालाही सापडता कामा नये. श्वास रोखून करावं लागतं ते. एक शिंक आली की गेला आठवडा!

आणि हे सगळं कशासाठी? तर नागपूरला दरवर्षी आम्हा प्रतिकृतीवाल्यांचं एक प्रदर्शन भरतं. स्पर्धा असते. मला दरवर्षी उत्तेजनार्थ मिळतं. उत्तेजनार्थ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे आलात, बरं वाटलं, चहा घेऊन जा. मला एकदा पहिला नंबर पाहिजे. एकदाच! मग मी ही फवारणी बंद करतो आणि धानावरच्या फवारणीत लक्ष घालतो. पण लोक होऊ देतील तर ना!

आता ही छटा फवारायला हवा लागते. हवेला कंप्रेसर लागतो. मी गोंदियाहून कंप्रेसर आणला, मागच्या खोलीत बसवला, चालू केला. घर्रर्रर्र! तो आवाज रस्त्यापर्यंत गेला. पाहतो तर दारात एक माणूस सायकल धरून उभा!

"हवा भरून द्या जी."

म्हटलं, बाबा, इथे हवा भरत नाहीत.

"मंग आवाज कायचा येऊन राहिला?"

काय सांगू? म्हटलं, रणगाड्याला छटा देतो आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कंप्रेसरकडे पाहिलं, आणि अगदी समजुतीनं म्हणाला, "द्या ना जी, पण पयले मागच्या चाकात मारून द्या. लांब जायचं आहे." त्याच्यामागे दुसरा आला, तो मोटरसायकल घेऊन. मग एक बाई आल्या फुटबॉल घेऊन! आणि समोर आमच्या चैतरामचं पंक्चरचं दुकान. चैतराम म्हणजे माझा बालमित्र. तो कमरेवर हात ठेवून दारात उभा राहून हे सगळं पाहतो आहे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलेना! "दुधरामभाऊ, तुमाले खत इकून पुरलं नाई का? माझी हवा काऊन खाऊन राहिले?" शेवटी मी त्याला आत आणलं, बसवलं, रणगाडा दाखवला, छटा समजावल्या, त्यानं हात पुढे केला, म्हटलं हात लावू नको, ओलं आहे! त्यानं हात मागे घेतला आणि वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे त आपल्या चोरखमाऱ्याच्या पाळीवानी दिसून राहिलं जी. खाली ओल धरली, वर सुकली."

आता बोला! नागपूरच्या परीक्षकांना जे समजवायला मला पानभर लिहावं लागतं, ते यानं चोरखमारा तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, आणून ठेवलं. तेव्हापासून तो माझ्या बाजूचा. हवा भरायला कोणी आलं की तोच रस्त्यापलीकडून ओरडतो, "इकडे या, इकडे! तिथली हवा लढाईची आहे!"

पण सगळेच काही चैतराम नसतात. माझी बायको, शामकला. तिला हा प्रकार सुरुवातीपासून मान्य नव्हता. म्हणजे रणगाड्याला तिची हरकत नव्हती हो, मळवण्याला होती. कारण छटा देऊन झाली की पुढे त्यावर धूळ बसवायची असते, चिखल लावायचा असतो, खरचटल्याचे ओरखडे काढायचे, गंज दाखवायचा. ती दारात उभी राहून पाहायची. "अजी, नवा कोरा आणला, अन् बसल्या बसल्या जुना करून टाकला? मी इतं दिवसभर घर पुसून राहिली, अन् तुमी आतमंधी बसून मयल तयार करून राहिले?" म्हटलं, ही कला आहे. "मंग माझी मोरी पाहा, तिथं लय कला साचली आहे."

आणि तिचं मत लोकांनाही पटायचं, हे माझं दुःख! तुम्हाला तान्ह्या पोळ्याची गोष्ट सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा पोळा असतो, लाकडाचे बैल सजवून आणतात, नंबर काढतात. शेजारच्या मंदाबाई आल्या. "दुधरामभाऊ, तुमच्या त्या हवेच्या मशीननं आमच्या गुंजनचा नंदी रंगवून द्या ना जी." गुंजन त्यांची नात. म्हटलं, देतो! माझ्या अंगात आलं. मी त्या नंदीला उतरत्या छटा दिल्या. वशिंड फिकट, पाठ फिकट, पोट गडद, मांड्यांमध्ये सावली, खुरांना धानाच्या बांधीतला चिखल, शिंगाच्या मुळाशी थोडा काळपटपणा. असा जिवंत बैल, तुम्हाला सांगतो, की गोठ्यात बांधला असता तर कडब्याला तोंड लावलं असतं त्यानं! मंदाबाईंनी पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ... याले काय झालं?"

काय झालं म्हणजे?

"बिमार वाटून राहिला जी. कावीळ झाल्यावानी."

शामकलानं तो नंदी माझ्या हातातून काढून घेतला, आत नेला, चुन्यासारखा पांढराफेक रंग दिला, शिंगं लाल, डोळे काळे आणि हे एवढे मोठे, गळ्यात चकाकती माळ, आणि कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. छटा नाही, सावली नाही, काही नाही! आला ना पहिला नंबर! मंदाबाई पेढे घेऊन आल्या. मला पेढा देताना म्हणतात, "तुमी मनावर नका घेऊ जी." मी मनावर घेत नाही. मी फक्त सांगतो आहे की आमच्या घरात पहिला नंबर आला तो मी रंगवलेल्यावर पांढरा फासून आला!

आणि आता हे पाहा. पाहा म्हटलं, हात लावू नका, ओलं आहे! लांबून पाहा. हा माझा सगळ्यात चांगला रणगाडा. ही छटा पाहा, वरच्या तोफेच्या बुरुजावरून खाली येताना कशी विरत जाते. याच्यावर मी पूर्ण पावसाळा घालवला. माझा रंग तेलाचा, सावकाश वाळतो, त्यात आमच्याकडे चारही बाजूंना बांध्यांमध्ये पाणी उभं, हवा अशी की माचिसची काडी पेटत नाही तर रंग काय वाळणार! एक थर द्यायचा आणि वाट पाहायची. वर झाकण ठेवायचं, नाहीतर राइस मिलचा कोंडा उडत येऊन बसतो. असा थर, झाकण, थर, झाकण करत मी दसऱ्यापर्यंत आलो. दसऱ्याच्या सकाळी शेवटचा फिकट हात मारला, हा असा, वरून, अगदी धुक्यासारखा. झाला! नागपूर नक्की! पहिला नंबर नक्की! मी तो स्टुलावर ठेवला, झाकण न घालता ठेवला, कारण झाकण टेकलं असतं, आणि शामकलाला ओरडून सांगितलं, हात लावू नको, ओलं आहे! आणि झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो.

माणसानं दसऱ्याला बाजारात जाऊ नये. फुलं महाग असतात म्हणून नव्हे. परत यावं लागतं म्हणून.

आलो तर घरभर उदबत्तीचा वास. मोटरसायकलला टिळा. विळ्यांना टिळे. फवारणीचे पंप दुकानातून आणून ओळीत मांडलेले, एकेकाला टिळा. दुकानाचा वजनकाटा, मिक्सर, शिलाई मशीन, माझा कंप्रेसर, सगळ्यांच्या कपाळी हळद, कुंकू, वर तांदूळ. मी म्हटलं, छान. पुढे गेलो. आणि स्टुलावर, माझ्या रणगाड्याच्या...

रणगाड्याला कपाळ असतं का हो? मलाही वाटत होतं नसतं. असतं! हा पुढचा तिरपा पत्रा, तोफेच्या खाली. हेच त्याचं कपाळ. तिला बरोबर सापडलं! तिथे हळद, हळदीवर कुंकू, आणि ओल्या रंगात तांदळाचा एक दाणा, रुतून बसलेला!

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे सांगण्यासारखं नाही, सणाचा दिवस होता. म्हटलं, हे काय केलंस?

"पूजा केली."

म्हटलं, सांगून गेलो होतो ना, हात लावू नको म्हणून?

"हात कुठी लावला? बोट लावलं."

म्हटलं, अगं, पण रणगाड्याला कोणी कुंकू लावतं का?

"काऊन? दसऱ्याले शस्त्राची पूजा नाई करत का? पंपाले लावला, काट्याले लावला, अन् घरात एवढी मोठी तोफ उभी आहे तिले नाई? तिनं काय पाप केलं?"

अगं, प्लास्टिक आहे ते!

"मंग मिक्सर कायचा आहे?"

मी तिला हिशेब समजावला. म्हटलं, हे पस्तिसाव्या भागाचं आहे, म्हणजे यावरची प्रत्येक वस्तू पस्तीस पटीनं मोठी धरायची. तुझं हे बोटभर कुंकू म्हणजे जेवायच्या ताटाएवढं झालं! आणि हा तांदळाचा दाणा म्हणजे काकडी! काकडीएवढा तांदूळ घेऊन कोणतं सैन्य लढाईला जातं? तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेवढा तांदूळ आपल्या बांधीत झाला असता त तुमाले दुकान कायले लागलं असतं?" आणि आत गेली. जाता जाता दारातून म्हणाली, "एवढं नका चिडू जी. वाळू द्या. वाळलं का पुसून देईन मी."

वाळलं की पुसून देईन. ठरलं. विषय संपला.

मग दिवाळी झाली. धान निघाला. तिचं पोट दुखायला लागलं. आधी गोरेगाव, मग गोंदिया, मग नागपूर, मग परत घरी. माघात गेली ती.

हां. तर कुंकू.

आता कुंकवाचं असं आहे की ते लाल आहे. आणि खाली हिरवा. हिरव्यात लाल म्हणजे सगळ्यात मोठा विरोध. मी एवढ्या छटा कशासाठी दिल्या? पाहणाऱ्याची नजर खालून वर, हळूहळू चढत बुरुजावर जावी म्हणून! आणि आता कुठूनही पाहा, डोळा धावत जाऊन त्या टिळ्यावर आपटतो. बुरुज गेला, तोफ गेली, पावसाळाभराची मेहनत गेली, लाल ठिपका दिसतो फक्त. घरी भेटायला माणसं येत होती तेव्हा. सतरंजीवर बसायची, मग नजर फिरवायची, आणि नजर कुठे जाणार? टिळ्यावर! मग कोणीतरी उठायचं, जवळ जायचं, हात पुढे करायचं. मी म्हणायचो, हात लावू नका, ओलं आहे. लोक मान हलवायचे आणि परत बसायचे. तेव्हा कोणी हसलं नाही. एरवी हसले असते.

दामिनी आली होती. माझी मुलगी, पुण्याला असते, नोकरी करते. तिनं परत जाऊन फोन केला. "बाबा, मागच्या खेपेला राहून गेला, यंदा तो रणगाडा पाठवणार ना नागपूरला?" म्हटलं, बघू. "ते पुढचं पुसून टाका आणि पाठवा. यंदा तुमचा नंबर नक्की येतो." म्हटलं, पुसता येत नाही. "का?" म्हटलं, तांत्रिक कारण आहे. थिनर लावला तर कुंकवाबरोबर खालची छटाही निघेल, तिथे डाग पडेल, मग सगळा पुढचा पत्रा पुन्हा फवारावा लागेल. "मग फवारा." म्हटलं, तो रंग संपला. "नवा आणा." म्हटलं, त्या घाण्याचा रंग पुन्हा मिळत नाही, छटा जुळत नाही. "आईनं लावलंय म्हणून ठेवलंय का, बाबा?"

छे! काहीतरीच! म्हटलं ना, तांत्रिक कारण आहे! हल्लीच्या पोरांना प्रत्येक गोष्टीत भावना दिसतात. रंगाचं रसायन कोणी समजूनच घेत नाही!

मग यंदाचा दसरा आला. आमच्याकडे घरात कोणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत. त्यामुळे काही नाही. मोटरसायकल तशीच, विळे तसेच, पंप दुकानातच. चैतराम येऊन बसला. इकडेतिकडे पाहत म्हणाला, "दुधरामभाऊ, आख्ख्या घरात पूजा झालेला हा एकटाच दिसून राहिला." म्हटलं, हो, मागच्या वर्षीची आहे. म्हणाला, "चालते ना. मागच्या वर्षीची त मागच्या वर्षीची." आणि उठून गेला. त्याच्या दुकानासमोर त्यानं पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्यालासुद्धा कुंकू लावलं होतं. तिरपं. त्याला नीट लावता येत नाही.

तर शेवटी मी ठरवलं, न्यायचा. जसा आहे तसा न्यायचा. नंबर तर पाहिजे होता मला, खोटं कशाला बोलू, आणि याच्याइतका चांगला रणगाडा माझ्या हातून पुन्हा होणार नाही हेही मला ठाऊक होतं. मिठाईच्या मोठ्या डब्यात कापूस घातला, त्यात रणगाडा बसवला, चैतराम दुकान बंद करून बरोबर आला, आणि नागपूरची रेल्वे धरायला आम्ही गोंदियाच्या बसमध्ये बसलो. मांडीवर मिठाईचा डबा! कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणतो, "काय जी, नातू झाला का नात?" शेजारची म्हातारी लगेच सरसावली, "द्या बाप्पा, एक पेढा द्या, चांगलं बोलते," आणि झाकणाला हात! म्हटलं, आजी, हात लावू नका, ओलं आहे! "ओले पेढे?" म्हातारी म्हणाली. "मंग त लवकर द्या, खराब होतीन!" अर्धी बस माझ्याकडे पाहायला लागली, की हा माणूस नातू होऊनही पेढा देत नाही. चैतरामनं पुढच्या थांब्यावर खाली उतरून खरेच पेढे आणले आणि वाटले. सगळ्यांनी तोंडभर आशीर्वाद दिले. कोणाला, ते कोणालाच माहीत नाही.

नागपूर. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, त्यावर पांढरे कागद, आणि रणगाडेच रणगाडे. वाळवंटातले पिवळे, बर्फातले पांढरे, जंगलातले पट्ट्यापट्ट्यांचे. आणि त्यात माझा, एकटाच, पूजा करून आलेला. परीक्षक आले. माणूस सज्जन, हे आधीच सांगतो, माझं त्यांच्याशी भांडण नाही. वाकले, चष्मा वर केला, खाली केला, रणगाड्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घातली. म्हणाले, "ही छटा तुम्ही फवारलीत?" म्हटलं, हो. "अप्रतिम. सांधा सापडत नाही कुठे." मग ते पुढच्या बाजूला आले आणि थांबले.

"हे काय आहे?"

म्हटलं, कुंकू.

"आणि हा... हा दगड आहे का?"

म्हटलं, तांदूळ.

"कोणत्या प्रमाणातला?"

म्हटलं, पूर्ण आकाराचा. चिनोर जातीचा आहे.

ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "अहो, रणगाडा लपावा म्हणून हिरवा रंगवतात. हा लाल ठिपका शत्रूला कोसभरावरून दिसेल." चैतराम मागून म्हणाला, "साहेब, तो शत्रूसाठीच आहे. नजर लागू नाई म्हणून." परीक्षक हसले. मनापासून हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बाजूला घेऊन म्हणाले, "निकालाला अर्धा तास आहे. खरं सांगतो, या टेबलावर तुमच्या जवळपासही कोणी नाही. एवढं पुसून टाका. पहिला नंबर तुमचा." आणि खिशातून कान साफ करायची कापसाची काडी काढली, थिनरच्या बाटलीत बुडवली, आणि माझ्या हातात दिली. माणूस इतका सज्जन की टेबलावरचा दिवाही स्वतः ओढून जवळ आणून दिला!

आता झालं. हातात काडी. समोर टिळा. थिनरचा वास. मी वाकलो. म्हटलं, कडेकडेनं उचलावं, हळूच, म्हणजे छटा मोडणार नाही. दिवा अगदी जवळ होता. आणि त्या दिव्यात मला पहिल्यांदा नीट दिसलं.

बाई कुंकू कसं लावते? बोट खाली टेकवते आणि वर ओढते. बरोबर? खाली टेकतं तिथे ओलं कुंकू जास्त बसतं, दाट, जवळजवळ काळपट लाल. आणि बोट वर जाईल तसं पातळ होतं, विरत जातं, पार वर गेलं की नुसती गुलाबी झाक, आणि मग हिरव्यातच हरवलेलं. खाली गडद, वर फिकट! सांधा नाही! कुठे संपतं ते सापडत नाही!

मी पावसाळाभर कंप्रेसर लावून, श्वास रोखून, झाकणं घालून जे केलं, ते हिनं एका बोटात उरकलं! आणि वर म्हणते, पुसून देईन! आणि मला सांगितलंही नाही! मी मळवतो म्हणून वर्षानुवर्षं दारात उभी राहून टोमणे मारले, आणि स्वतःला येत होतं ते! ही काय रीत झाली?

परीक्षक म्हणाले, "पुसताय ना?"

मी काडी त्यांच्या हातात परत दिली.

ते गोंधळले. म्हणाले, "बरं, मी करतो," आणि पुढे झाले, आणि मी ओरडलो, सगळा हॉल वळून पाहील असा ओरडलो, साहेब, हात लावू नका, ओलं आहे!

पण तोवर त्यांचं बोट लागलं होतं. त्यांनी बोट उचललं. बोटावर काही नव्हतं. अंगठ्यानं चोळून पाहिलं. मग मला दिव्याखाली धरून दाखवलं, कोरडं बोट, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अहो, हे तर कधीच वाळलंय."

चैतराम छताकडे पाहायला लागला.

मी म्हटलं, साहेब, तुमच्या नागपूरची हवा कोरडी. इथे वाळल्यासारखं वाटतं. आमच्याकडे, गोरेगावला, बांध्यांमध्ये पाणी असतं, दमट असतं सगळं. तिथे नाही वाळत एवढ्यात. वेळ लागतो.

तर उत्तेजनार्थ मिळालं. चहा घेतला. चैतरामनं दोन कप घेतले.

पाहा, पाहा, तुम्ही निवांत पाहा. पण लांबून. हात तेवढा...